अंधारात पान उजळते, डोळे का थकतात?

हिवाळ्यातली गोष्ट. ओपीडी संपत आली होती. तालुक्यातल्या एका गावचा तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा समोर येऊन बसला. पोलीस भरती आणि तलाठी, दोन्ही परीक्षांचा अभ्यास चालू. "सर, रात्री डोळ्यांत लई चुरचुर होते, कपाळ ठणकतं. मोबाइलमुळंच असंल ना?" असे म्हणत त्याने खिशातून एक चष्मा काढला. काचांवर निळसर झाक असलेला, 'ब्लू कट' म्हणून विकतात तसला. त्याला नंबर नव्हता. दुकानात दीड हजार मोजून घेतला होता आणि चुरचुर होती तशीच होती.

रात्री कुठे वाचतोस, असे विचारल्यावर सगळे चित्र उभे राहिले. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाइट रात्रीची होती. कांद्याला पाणी भरायला तो दहा वाजता शेतात जायचा. एक वाफा भरेपर्यंत बाजेवर आडवे होऊन मोबाइलवर नोट्सची पीडीएफ वाचायचा. आजूबाजूला मिट्ट काळोख, थंड वारा आणि चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर पांढरेशुभ्र पान.

पुढे काही दिवसांनी एक निवृत्त गुरुजी आले. रक्तदाबाचे जुने रुग्ण. पिशवीतून त्यांनी एक पाटीसारखे यंत्र काढले. पुण्यातल्या मुलाने वाढदिवसाला ई-रीडर पाठवला होता. गुरुजींना रात्री वाचायची सवय, पण पत्नीची झोप मोडते म्हणून खोलीतला दिवा लावता येत नाही. या यंत्राला स्वतःचा उजेड आहे. "डॉक्टरसाहेब, पंधरा दिवस सुखानं वाचलं. मग शेजारी म्हणाले, अंधारात स्क्रीन बघून डोळे जातील. तेव्हापासून बंद केलंय. खरं काय ते सांगा."

दोघांचा प्रश्न एकच होता. मी नेत्रतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. पण डोळ्यांची तक्रार घेऊन माणूस पुष्कळदा आधी आमच्याकडेच येतो. शिवाय पन्नाशी ओलांडल्यावर रात्री पडल्या पडल्या वाचताना माझेही डोळे चुरचुरतात. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहितो.

हे यंत्र वेगळे कशामुळे?

मोबाइल किंवा टॅब्लेटचा पडदा स्वतः उजेड फेकतो. ई-रीडरचे पान तसे नसते. त्यात केसाच्या जाडीएवढ्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार. यंत्र विजेचा इशारा देते तसे पांढरे किंवा काळे कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान तसेच राहते. पान उलटतानाच काय ती वीज लागते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हे तंत्र विकसित झाले आणि 1997 मध्ये त्यासाठी ई-इंक ही कंपनी निघाली. अ‍ॅमेझॉनचे किंडल 2007 मध्ये आले, पण त्याला उजेड नव्हता. कागदासारखेच तेही दिव्याखाली धरावे लागे. 2012 पासून उजेड असलेली यंत्रे बाजारात आली. त्यात पडद्याच्या कडेला बारीक एलईडी दिवे बसवलेले असतात. त्यांचा प्रकाश एका पारदर्शक थरातून पानभर पसरतो, पानावर पडतो आणि तिथून परावर्तित होऊन आपल्याकडे येतो. दिवा पानाच्या मागे नसतो, पुढच्या बाजूला असतो. 2016 च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तकेही आली आणि आपल्याकडचा वाचक या यंत्राकडे वळू लागला.

या रचनेवरून जाहिरातीत सांगितले जाते, की हा प्रकाश डोळ्यांत जात नाही, पानावर पडतो. ऐकायला छान वाटते. पण प्रकाश डोळ्यांत गेल्याशिवाय अक्षर दिसणारच नाही! प्रकाश थेट दिव्यातून आला की पानावरून उलटून आला, हे डोळ्याला कळत नाही. त्याला फक्त तीन गोष्टी कळतात: प्रकाश किती आला, कोणत्या रंगाचा आला आणि पानाच्या भोवती किती उजेड आहे. अंधारात वाचताना डोळ्यांना आराम मिळेल की त्रास होईल, हे यातल्या तिसऱ्या गोष्टीवर फार अवलंबून असते आणि तिच्याकडेच आपले लक्ष नसते.

काळोखात बाहुलीची पंचाईत

उजेडात आपली बाहुली दोन ते चार मिलिमीटरची असते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. कॅमेऱ्याचे छिद्र मोठे केले की चित्राच्या कडा मऊ पडतात, तसेच डोळ्याचे होते. मोठ्या बाहुलीतून प्रतिमा किंचित धूसर उमटते. नंबरातली छोटीशी चूक दिवसा लहान बाहुलीमुळे खपून जाते, ती रात्री उघडी पडते. 'दिवसा चांगलं दिसतं, रात्रीच अक्षरं पसरतात' असे सांगणाऱ्या पुष्कळ जणांना थोडा सिलिंड्रिकल नंबर निघतो.

त्यात भर म्हणजे उजेडातला टोकाचा फरक. सगळी खोली काळी आणि मधोमध एकच उजळ चौकोन. दृष्टीच्या मध्यभागाला एक परिस्थिती आणि बाकीच्या भागाला दुसरी. अशा वेळी पान भगभगीत वाटते, डोळे आपोआप बारीक केले जातात, कपाळाचे स्नायू आखडतात. डोके दुखायला एवढे पुरते. मोबाइलवर हा त्रास जास्त, कारण त्याचा पडदा जास्त प्रखर असतो. चांगल्या ई-रीडरचा उजेड खूप खाली आणता येतो, म्हणून तो सुसह्य वाटतो. पण पूर्ण काळोखात तोही उजळ चौकोनच.

यावर काहीजण काळ्या पानावर पांढरी अक्षरे करतात. त्याने भगभग कमी होते, हे खरे. पण काळे पान म्हणजे कमी प्रकाश, म्हणून बाहुली आणखी मोठी. ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना पांढऱ्या अक्षरांभोवती धुरकट वलय दिसते आणि वाचायला श्रम पडतात. ज्याला सोसते त्याने तसे वाचावे, पण तो सर्वांसाठी उपाय नाही.

उजेड अगदी मंद करणेही सर्वांना सोयीचे नसते. वय वाढते तशी बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असे मानले जाते. नातवाला पुरणारा उजेड आजोबांना पुरत नाही, तो यामुळे.

चुरचुर कुठून येते?

गप्पा मारताना आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. एकाग्रतेने वाचताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. प्रत्येक उघडझापीबरोबर डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. पापणी मिटली नाही की तो थर सुकतो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते. हे छापील पुस्तक वाचतानाही होते. उन्हाळ्यात कूलरचा झोत तोंडावर, हिवाळ्यात शेतातला कोरडा वारा, त्यात आपल्याकडची धूळ. सर्दीच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात. दोष मात्र एकट्या पडद्याला दिला जातो.

दुसरे कारण अंतर. चाळीस सेंटिमीटरवरचे पुस्तक वाचायला डोळ्याच्या भिंगाला जेवढे श्रम पडतात, त्याच्या दुप्पट वीस सेंटिमीटरवरच्या पानाला पडतात. मोबाइलची अक्षरे बारीक म्हणून तो आपण जवळ ओढतो. आडवे पडल्यावर तर तो नाकापाशीच येतो.

तिसरे कारण आपल्या लिपीचे. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. 'दगा' आणि 'दंगा' यांत फरक एका टिंबाचा. इंग्रजीला पुरणारा अक्षराचा आकार मराठीला पुरत नाही. ई-रीडरचे खरे पुस्तक असेल तर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. पण आपली मुले वाचतात त्या बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफ. मोठ्या कागदाचे पान तळहाताएवढ्या पडद्यावर बसवलेले. अक्षर मोठे करायला गेले की ओळ पडद्याबाहेर जाते, मग पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसा. अशा वाचनाने डोके दुखले तर नवल नाही. सहा इंची ई-रीडरवरही पीडीएफचे हेच हाल होतात. विकत घेण्याआधी हे माहीत असलेले बरे.

निळ्या प्रकाशाची भीती आणि झोपेचा प्रश्न

आता त्या दीड हजाराच्या चष्म्याबद्दल. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरच्या 17 चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केला. साध्या काचांच्या तुलनेत या चष्म्यांनी संगणकावर काम करताना डोळ्यांचा ताण कमी होतो, असे त्यात दिसले नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटनाही हे चष्मे घ्यायला सांगत नाही. पडद्यातून येणारा निळा प्रकाश उन्हातल्या निळ्या प्रकाशापुढे अगदी किरकोळ असतो.

झोपेची गोष्ट मात्र वेगळी. डोळ्यात अशा काही पेशी आहेत, ज्या दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवतात. निळसर प्रकाशाला त्या विशेष संवेदनशील असतात. बोस्टनच्या संशोधकांनी 12 तरुणांवर केलेला एक अभ्यास 2015 मध्ये छापून आला. झोपण्यापूर्वी चार तास, पाच रात्री, कधी छापील पुस्तक तर कधी उजळ टॅब्लेटवर पुस्तक वाचायला दिले. टॅब्लेटवाल्यांना झोप सुमारे दहा मिनिटे उशिरा लागली, झोप आणणारे मेलाटोनिन कमी झाले आणि सकाळी मरगळ जास्त राहिली. या अभ्यासाच्या बातम्यांत 'ई-बुक झोपेला घातक' असे छापले गेले. पण तो टॅब्लेट होता, तोही पूर्ण उजेडावर ठेवलेला. मंद, पिवळसर उजेडाच्या ई-रीडरला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. माझ्या मते झोप बिघडवण्यात रंगाइतकाच वाटा यंत्रावर आणखी काय काय आहे याचाही असतो. मोबाइलवर एक धडा वाचून होईपर्यंत चार संदेश येतात, त्यातला एक व्हिडिओ उघडला जातो आणि घड्याळात दीड वाजतो. ई-रीडरवर पुस्तकाशिवाय फारसे काही नसते, हा त्याचा मोठा गुण.

'डोळे जातील' यात खरे किती?

मंद उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडतात, याला पुरावा नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलने 2007 मध्ये वैद्यकीय गैरसमजांची एक यादी छापली होती, त्यात हाही होता. डोळे थकतात, पण झोप झाली की पूर्ववत होतात. आपल्या आधीच्या कितीतरी पिढ्या कंदिलाच्या आणि चिमणीच्या उजेडात शिकल्या.

एक चमत्कारिक प्रकार मात्र सांगण्याजोगा आहे. 2016 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. अंधारात मोबाइल पाहून झाला की एका डोळ्याची दृष्टी काही मिनिटे जात असे. तपासण्या झाल्या, काही सापडले नाही. शेवटी लक्षात आले, की दोघी कुशीवर झोपून मोबाइल पाहत, तेव्हा एक डोळा उशीत झाकलेला असे. झाकलेला डोळा अंधाराला सरावायचा आणि पाहणारा उजेडाला. मोबाइल बाजूला ठेवला की उजेडाला सरावलेल्या डोळ्याला अंधारात काही दिसेना. हे निरुपद्रवी आहे. वाचताना दोन्ही डोळे उघडे राहतील असे बसले की प्रश्न मिटतो.

लहान मुलांची बाब निराळी. तासन् तास जवळचे पाहणे आणि बाहेर न खेळणे यामुळे दूरचे न दिसण्याचा नंबर वाढतो. तैवानने 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटे मोकळ्या उजेडात काढायला लावण्याचा उपक्रम राबवला, त्याचा फायदा दिसला. मुलांसाठी रात्रीच्या स्क्रीनपेक्षा संध्याकाळचे मैदान अधिक महत्त्वाचे.

मोबाइलच्या आड लपलेले आजार

माझी खरी काळजी आहे ती इथे. 'मोबाइलमुळे' हे उत्तर इतके सोपे झाले आहे, की त्याच्याआड खरे आजार लपतात. अठ्ठेचाळीस वर्षांचे एक शेतकरी रात्री मोबाइल धूसर दिसतो म्हणून वर्षभर मोबाइललाच शिव्या देत होते. दुसऱ्याच कारणासाठी आले, तेव्हा तपासणीत साखर तीनशेच्या वर निघाली. साखर वर-खाली झाली की डोळ्यातले भिंग फुगते-आकसते, नंबर बदलतो. मधुमेह तसाच राहिला तर दृष्टिपटलावर कायमचा परिणाम होतो.

दुसरा आजार काचबिंदूचा एक प्रकार. काहींच्या डोळ्यात पाणी वाहून नेणारा कोन जन्मतः अरुंद असतो. अंधारात बाहुली मोठी झाली की तो बंद पडू शकतो. पालथे झोपल्याने धोका वाढतो. डोळा लाल होऊन प्रचंड दुखणे, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसणे, डोकेदुखी, उलट्या अशी लक्षणे रात्री दिसली तर पित्त समजून सकाळची वाट पाहू नका. काही तासांत उपचार मिळाले तर दृष्टी वाचते. यात दोष यंत्राचा नाही, अंधाराचा आणि डोळ्याच्या ठेवणीचा आहे. चाळिशीनंतर एकदा डोळ्यांचा दाब आणि कोन तपासून घ्यायचा तो यासाठी.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, काळोख मोडा. डोक्याच्या मागे किंवा बाजूला, उजेड भिंतीवर पडेल असा एखादा छोटा पिवळसर बल्ब लावा. पानाचा उजेड भोवतीच्या उजेडाशी जुळवून घ्या. पान दिव्यासारखे झगमगत असेल तर ते जास्त आहे आणि डोळे ताणावे लागत असतील तर कमी. यंत्रात पिवळसर छटेची सोय असेल तर रात्री ती वापरा. अक्षर इतके मोठे करा, की अनुस्वार न शोधता दिसावा. यंत्र हातभर लांब धरा, शक्यतो बसून वाचा. वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहायचे, हा नियम सोपा आहे. मी तर पान उलटताना मुद्दाम दोनदा पापणी मिटतो. आणि चाळिशी उलटली असेल तर जवळचा नंबर काढून घ्या. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत नंबर तपासायला नेत्रचिकित्सा अधिकारी असतात. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत. बिननंबरी निळ्या काचांवर दीड हजार घालण्याआधी ही फेरी मारा.

काही गोष्टी मात्र एकट्या माणसाच्या हातात नाहीत. शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी आपण साप-विंचू, बिबट्या आणि थंडी यांच्यासाठी करतो. ती या मुलांच्या झोपेसाठी आणि डोळ्यांसाठीही करायला हवी. गावोगावच्या अभ्यासिकांत वर एकच ट्यूबलाइट आणि खाली मुलांच्या स्वतःच्याच डोक्याची सावली, हे चित्र टेबलागणिक एक दिवा देऊन बदलता येईल. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा आहे. अनुदानित ग्रंथालयांनी दोन-चार ई-रीडर घेऊन ज्येष्ठांना घरी वाचायला द्यावेत, असे मला वाटते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. त्या भोंग्यातले मर्म मला स्क्रीनच्या भीतीत दिसत नाही. गावाने मिळून वाचनासाठी वेळ राखून ठेवला, हे त्यातले मोलाचे.

त्या मुलाला नंबर निघाला, थोडा सिलिंड्रिकल. चष्मा लागला. शेतात जाताना चार्जिंगचा दिवा न्यायचा आणि बाजेवर पडून वाचायचे नाही, एवढे त्याने कबूल केले. मोटार चालू असेपर्यंत मोबाइलवर वाचण्याऐवजी आधी पाठ केलेले तोंडी म्हण, असेही मी त्याला सुचवले.

गुरुजींना मात्र मी यंत्र बंद करू दिले नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे. छापील पुस्तकातले बारीक अक्षर त्यांना आता झेपत नाही. वाचन जवळपास सुटलेच होते. ई-रीडरवर अक्षर मोठे होते, म्हणून ते परत आले. शेजाऱ्याच्या एका वाक्याने ते पुन्हा सुटणार होते. या वयात वाचन सुटणे हे थकलेल्या डोळ्यांपेक्षा मोठे दुखणे आहे. मी एवढेच सांगितले, "गुरुजी, अक्षर आणखी एक घर मोठं करा, मागं झिरोचा बल्ब लावा आणि अकरा वाजता थांबा."

पुढच्या महिन्यात ते रक्तदाब तपासायला आले. डोळ्यांची तक्रार नव्हती. अकराला थांबायचे तेवढे जमत नाही म्हणाले.